दुपारचे ऊन मध्यरात्री आत येते!

फ्रँक लॉइड राइट (१८६७–१९५९) या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने १९३७ पासून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हिवाळ्यात राहण्यासाठी 'टॅलिएसिन वेस्ट' हे घर उभारले. लाकडी साच्यांत तिथलेच दगड रचून, त्यांत काँक्रीट ओतून त्याने जाड भिंती केल्या.

नाताळच्या सुट्टीत जालना जिल्ह्यातील आमच्या गावी, धाब्याच्या घरात, मला त्या भिंतींची आठवण झाली. पहाटे बाहेर हुडहुडी भरे. आत मात्र ऊब. असे का बरे?

मातीतून उष्णता फार सावकाश वाहते. ३० सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचायला सुमारे १० तास लागतात. तोवर मध्यरात्र होते! शिवाय बाहेरच्या चढउताराचा जेमतेम दहावा हिस्सा आत उरतो. पत्र्यातून मात्र उष्णता पाहता पाहता आत येते.

आता काका धाबे काढून पत्रे घालणार आहेत. धाबे गळते, दरवर्षी त्यावर माती टाकावी लागते, ही त्यांची अडचणही खरीच. 'आधी मोजू, मग ठरवू,' असे मी त्यांना सुचवले.

तुम्हीही मोजा. पत्र्याच्या व धाब्याच्या खोलीत एकेक तापमापक टांगा, दिवसरात्र दर दोन तासांनी नोंद करा आणि आलेख काढा. दोन्ही आलेखांची शिखरे किती वाजता येतात?