आवाज टिपणारी फीत

सभा म्हटली की मायक्रोफोन आला, आणि मायक्रोफोन आला की कोणीतरी पुढे होऊन त्यावर फुंकर घालणार, हेही आलेच. मंडपातील दणकट यंत्र ते सहन करते. परंतु मायक्रोफोनच्या घराण्यात एक बुजुर्ग असा आहे की एका जोरदार फुंकरीने तो निकामी होऊ शकतो. तरीही माणसाचा आवाज आणि वाद्याचा नाद त्याच्याइतका गोड टिपणारे थोडेच. त्याचे नाव रिबन मायक्रोफोन, म्हणजे फितीचा मायक्रोफोन. आम्ही ध्वनिशास्त्राचे पदवीधर नव्हे. कामगारांच्या सभांत उभे राहून आणि पुस्तके वाचून जे उमगले, तेच येथे सांगतो.

प्रथम त्याची रचना पाहू. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची चुण्या पाडलेली एक अरुंद फीत सैलसर टांगलेली असते. तिची जाडी दोन-अडीच मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा सुमारे पंचविसावा-तिसावा भाग. आवाजाने हवा हलली की फीत हलते, आणि चुंबकाच्या क्षेत्रात हलल्यामुळे तिच्यातच अत्यंत क्षीण वीज उत्पन्न होते. पुढे ट्रान्स्फॉर्मर ती वाढवितो. पडदा निराळा आणि तारेचे वेटोळे निराळे, असा प्रकार येथे नाही. फीत हीच दोन्ही कामे करते. ती इतकी हलकी असल्यामुळे आवाजाचा बारीकसा चढउतारही तिच्यात उमटतो. तिचा गुण आणि तिचा नाजूकपणा यांचे मूळ एकच आहे.

१९२५ मध्ये विजेवरचे ध्वनिमुद्रण रूढ होऊ लागले. त्यापूर्वी गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि वादकांना त्याच्याभोवती दाटीवाटीने बसावे लागे. फितीची कल्पना जर्मनीत शॉट्की आणि गेर्लाख यांनी त्याच दशकात पुढे आणली. अमेरिकेतील आरसीए कंपनीत हॅरी ऑल्सन यांनी तिला व्यवहारात आणले, आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी ‘४४’ जातीचा प्रसिद्ध मायक्रोफोन निघाला. त्या काळचे चुंबक आजच्याइतके जोरकस नव्हते. म्हणून मोठा चुंबक घालावा लागे, आणि यंत्राचे वजन साडेतीन-चार किलोपर्यंत जाई. इंग्लंडात बीबीसीच्या अभियंत्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी आखलेला ‘४०३८’ आजही तयार होतो.

आता वापराकडे वळू. फीत पुढून आणि मागून सारखीच उघडी असते, म्हणून दोन्ही बाजूंचे ती सारखेच ऐकते. बाजूने आलेला आवाज मात्र तिच्या दोन्ही अंगांवर एकाच क्षणी, सारख्याच दाबाने पोचतो. फीत जागची हलत नाही आणि तो आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. नभोनाट्यातले दोन नट समोरासमोर उभे करून मध्ये हा एकच मायक्रोफोन ठेवीत, ते यामुळेच. गायक स्वतःच गिटार वाजवीत असेल, तर मायक्रोफोन असा वळवावा की गिटार त्याच्या बहिऱ्या बाजूस येईल.

गाणाऱ्याने दीड-दोन फूट अंतर ठेवावे. जवळ जावे तसा खर्ज फुगत जातो. निवेदकाला थोडा भारदस्तपणा हवा असेल तर तो उपयोगी. पण अति झाले की शब्द घुमू लागतात. ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो. म्हणून मायक्रोफोन ओठांच्या थेट समोर न ठेवता किंचित बाजूला किंवा वर ठेवावा.

वाद्यांपैकी ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि व्हायोलिन यांच्याशी त्याचे विशेष जमते. वरच्या पट्टीतले स्वर तो थोडे सौम्य करतो, त्यामुळे या वाद्यांचा कर्कशपणा जाऊन भरीवपणा राहतो. ट्रंपेटपासून मात्र चार-पाच फूट दूर राहावे. मोठ्या ढोलाच्या तोंडाशी तो नेऊच नये; त्या हवेच्या धक्क्याने फीत ताणली जाते.

जपणुकीचे नियमही यातूनच निघतात. मायक्रोफोन उभा आणि झाकून ठेवावा. पेटीचे झाकण धाडकन आपटू नये, कारण त्याच्या हवेनेही इजा होते. लोखंडाचा कीस उडतो त्या जागी तो उघडा नेऊ नये. चुंबक कीस ओढून घेतो आणि तो फितीला अडकतो. इतर मायक्रोफोनसाठी लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा जुन्या फितीच्या मायक्रोफोनला जोडताना बंद करावा, कारण तारेत दोष असला तर फितीचे नुकसान होते.

हा मायक्रोफोन भर वैभवात असतानाच त्याच्यासमोरची वाद्ये एकदा मुकी झाली होती. ध्वनिमुद्रिका रेडिओवर आणि हॉटेलांतून वाजू लागल्या आणि प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांची गरज कमी झाली. आपणच मुद्रित केलेले वादन आपल्या पोटावर येते, हे वादकांनी ओळखले. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघाने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. गायक त्या संघात नव्हते. तेव्हा कंपन्यांनी वाद्यांऐवजी केवळ कंठांचे समूह उभे करून गाणी मुद्रित केली. डेका कंपनी १९४३ मध्ये नमली. आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया यांना नोव्हेंबर १९४४ पर्यंत वेळ लागला. विकल्या जाणाऱ्या मुद्रिकांमागे काही रक्कम बेकार वादकांच्या उपयोगासाठी संघाच्या निधीत जाऊ लागली. उत्तम मायक्रोफोन बनविणारी आणि वादकांच्या मागणीला सर्वांत उशिरा मान तुकविणारी, अशा दोन्ही यादींत आरसीएचे नाव असावे, हे विसरण्यासारखे नाही.

फीत वादकाचा श्वासदेखील टिपते; त्याची मजुरी टिपत नाही. ते काम माणसांनीच करावयाचे आहे. म्हणून आपल्या गावातील मंडळी कोणाचे गाणे किंवा वादन मुद्रित करणार असतील, तर अंतर, दिशा आणि वारा यांची काळजी त्यांनी घ्यावीच. पण मायक्रोफोनवरचे आवरण काढण्यापूर्वी कलावंताच्या मोबदल्याचे बोलणे कागदावर आणावे.