मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात सल्लागारांची रांग लागते. शेजारच्या काकू विचारतात, ‘पिकलाय का पण?’ गावाकडचे मामा फोनवर बजावतात, ‘उन्हाळ्यात नको, दिवाळीनंतर बघू.’ यातलं कोणी थापा मारत नसतं. हे सल्ले एके काळी बरोबरच होते. फक्त ते ज्या ऑपरेशनसाठी होते, तसं ऑपरेशन आता क्वचितच होतं.

जुन्या पद्धतीत गढूळ झालेलं भिंग आवरणासकट अख्खं काढत. बुबुळाच्या कडेने मोठा छेद, मग टाके, मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून काही दिवस उताणं पडून राहणं. डोळ्यात भिंगच उरत नसल्याने पुढे जन्मभर दहा नंबरच्या आसपासचा जाडजूड चष्मा. एवढे हाल सोसायचे तर नजर पुरती जाईपर्यंत थांबण्यात शहाणपण होतं. शिवाय पिकलेलं भिंग सहज सुटून येई.

आज नेमकं उलटं आहे. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स केलमन दंतवैद्याच्या खुर्चीत बसले असताना दात साफ करणारं कंप पावणारं उपकरण पाहून त्यांना कल्पना सुचली, आणि 1967 मध्ये त्यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली. तीच आजची ‘फेको’. छेद तीन मिलिमीटरपेक्षाही लहान, बहुतेकदा टाका नाहीच. त्यातून घडी घातलेलं कृत्रिम भिंग आत सरकवतात आणि ते आत गेल्यावर उलगडतं. गुंतागुंत नसेल तर पंधरा-वीस मिनिटांचं काम, दुपारी रुग्ण घरी. पण भिंग जितकं कडक, तितकी फोडायला जास्त शक्ती लागते आणि तिचा मार बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना बसतो. अति पिकलेला मोतीबिंदू तर पाझरून डोळ्यातला दाब वाढवू शकतो. म्हणून वाचताना, गाडी चालवताना, जिना उतरताना अडायला लागलं की डॉक्टरांशी ऑपरेशनचं बोलायचं. पिकायची वाट आंब्याची पाहावी.

ऋतूचंही तेच. मोठी जखम, घाम आणि वातानुकूलनाशिवायची खोली, यामुळे थंडी बरी वाटे. आता बारा महिने ऑपरेशनं होतात.

‘लेसरने मोतीबिंदू काढला’ असं सर्रास सांगतात. काही ठिकाणी छेदासारखे टप्पे लेसरने करतात हे खरं, पण भिंग साधारणपणे ध्वनिलहरींनीच निघतं. गोंधळाला आणखी एक कारण आहे. काही महिन्यांनी वा वर्षांनी नजर पुन्हा धूसर झाली की लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. कृत्रिम भिंगामागचं पातळ आवरण गढूळ झालेलं असतं आणि त्यात लेसरने काही मिनिटांत वाट करून देतात.

त्या भिंगाला ‘एक्स्पायरी’ असते का, हाही नेहमीचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळ्याने ते निमूट सोसले. हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी हेरलं आणि 29 नोव्हेंबर 1949 रोजी तशाच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. आजची भिंगं आयुष्यभरासाठी असतात. ती बदलावी लागणं हा अपवाद.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून कडकडीत उपाशी राहायचं, हा आणखी एक समज. भूल नुसत्या थेंबांची असेल तर बरेच डॉक्टर हलका नाश्ता करून यायला सांगतात. पूर्ण भूल असेल तर साधारणपणे हलकं जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. मधुमेही माणसाने इन्सुलिन घेऊन उपास केला तर साखर घसरून टेबलावरच घाम फुटू शकतो. त्यामुळे काय खायचं आणि कोणती गोळी घ्यायची, हे आधी विचारून कागदावर लिहून घ्यावं. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये.

आणि आजोबांनी एक गोळी मुळीच लपवू नये. लघवीच्या त्रासासाठी घेतलेली टॅमसुलोसिन. सुनेसमोर कशाला, म्हणून तिचं नाव घेतलं जात नाही. पण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली आकसू शकते आणि तिच्याभोवतीचा रंगीत पडदा सैल पडू शकतो. ती पूर्वी कधी घेतली असेल तरी सांगावं. सर्जन मग तयारीत राहतो.

घरी आल्यावर वांगं बंद, आंबट बंद. पू होईल म्हणे! या पथ्याला वैद्यकीय आधार नाही. खरं पथ्य कंटाळवाणं आहे: हात धुऊन वेळच्या वेळी थेंब, दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर, रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. डॉक्टर सांगतील तोवर डोक्यावरून आंघोळ नाही, काजळ नाही, डोळा चोळणं नाही. टीव्ही मात्र खुशाल पाहावा, पेपर वाचावा. थेंब टाकणं पहिल्या आठवड्यात सोडून देणारेही असतात, कारण दिसायला लागलेलं असतं. बहुतेकदा ते चार ते सहा आठवडे चालतात.

‘चोवीस तास दाखल नाही, म्हणजे विमा नाही’ हेही चूक. आरोग्य विम्यात अशा डे-केअर उपचारांची सोय असते. मात्र मोतीबिंदूसाठी बहुधा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ आणि रकमेची मर्यादा असते. पॉलिसी आधी वाचावी.

थोडं खुपणं, पाणी येणं पहिले काही दिवस चालायचंच. पण दुखणं वाढत गेलं, डोळा लालभडक झाला किंवा आलेली नजर अंधुक होऊ लागली, तर तो आतला जंतुसंसर्ग असू शकतो. तो दुर्मीळ आहे, पण नजर घालवू शकतो. अशा वेळी तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रविवार असला तरी, डॉक्टरांना गाठावं.