ऑक्सिजन कमी पडल्यावर बाळाचा श्वास मंद का होतो?

ऑक्सिजन कमी झाला की मोठ्या माणसाचा श्वास वाढतो. नवजात बाळाचाही वाढतो, पण एक-दोन मिनिटंच. मानेतल्या रोहिणीजवळचा ‘कॅरॉटिड बॉडी’ हा पेशींचा इवलासा पुंजका मेंदूला इशारा देतो. मात्र बाळाचा अपरिपक्व मेंदू लवकरच श्वासाचा वेग उलट कमी करतो.

श्वास थांबला तर व्हेगस नसेमुळे हृदयही मंदावतं. मिनिटाला साधारण १२० ते १६० असणारे ठोके १०० च्या खाली जाऊ शकतात. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांमध्ये हा धोका जास्त. म्हणून एनआयसीयूत त्यांना मॉनिटर लावतात, श्वसनाला चालना द्यायला कॅफिनही देतात.

धाप लागलेलं बाळ अचानक शांत, मलूल किंवा निळसर झालं, तर त्याला आराम पडला असं समजू नका. लगेच १०८ वर फोन करा.