सीआरपी उतरलं, पुढे काय?

कोविडच्या दोन वर्षांत सीआरपी हा शब्द घराघरात पोचला. रिपोर्टवरचा आकडा शंभरावरून दहाच्या खाली आला की घरच्यांच्या जिवात जीव यायचा. पण सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं; दाह भडकला की वाढतं, शमला की रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण 19 तासांत निम्म्यावर येतं. आग विझली एवढंच ते सांगणार. वासे किती जळाले, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. मज्जातंतूंच्या बाबतीत ते सांगतं न्यूरोफिलामेंट लाइट, म्हणजे तंतूला आतून आधार देणाऱ्या सांगाड्यातलं एक प्रथिन. तंतू तुटला की ते सांडतं, आणि त्यातलं किंचितसं रक्तात उतरतं: मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! पूर्वी यासाठी पाठीतून पाणी काढावं लागे. आता एकेक रेणू टिपणारी यंत्रं आल्याने हातातून काढलेलं रक्त पुरतं.

दाह आणि इजा ही दोन घड्याळं एका वेळेवर चालत नाहीत, हे कोविडनेच दाखवलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला 2020 मध्ये 47 रुग्ण तपासले गेले. गंभीर रुग्णांत मेंदूतल्या आधारपेशींचं जीएफएपी हे प्रथिन सुरुवातीलाच चढलं आणि उतरलं. न्यूरोफिलामेंट मात्र पुढचे दिवस वाढतच राहिलं. इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे 800 रुग्णांच्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूची गुंतागुंत झालेल्यांमध्ये दाह ओसरल्यावर कित्येक महिन्यांनीही इजेच्या खुणा रक्तात होत्या.

यावर आक्षेप असा, की हे प्रथिन वयानुसार वाढतं, मूत्रपिंड मंदावलं तरी वाढतं, अतिदक्षता विभागात हातापायांच्या नसा दुखावल्या तरी वाढतं. आक्षेप खराच आहे. म्हणून सुटा आकडा जवळपास निरुपयोगी. त्याच रुग्णाचे लागोपाठचे आकडे वयाच्या हिशेबाने, शेजारी जीएफएपी ठेवून वाचायला हवेत. एचआयव्हीच्या रुग्णांत औषधं सुरू झाल्यावर हे प्रथिन खाली येतं; तिथे महत्त्व त्या उताराला आहे.

सुटा वाढलेला आकडा पाहून इजा झाली असं मानणं ही एक चूक; दुसरी चूक याच्या उलट आहे, आणि मला ती जास्त घातक वाटते. गोथेनबर्गच्याच पुढच्या अभ्यासात 100 जणांचे आकडे सहा महिन्यांत पूर्ववत झाले, तरी त्यांतल्या निम्म्यांच्या थकवा, विसरभोळेपणा अशा तक्रारी कायम होत्या. अशा रुग्णाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत’ म्हणून घरी पाठवणं सोपं. पण ही चाचणी तुटलेले तंतू मोजते. शाबूत असूनही नीट काम न करणारे तंतू तिच्या हिशेबात येतच नाहीत.