इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनला अ‍ॅम्प्लिफायर केवढा हवा?

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनला शंभरेक वॅटचा दणकट अ‍ॅम्प्लिफायरच लागतो, असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. या हेडफोनमध्ये कॉइल आणि चुंबक नसतात. दोन जाळीदार पत्र्यांमध्ये (स्टेटर) अतिपातळ पडदा ताणलेला असतो आणि त्यावर कायमचा विद्युतदाब (बायस) असतो. स्टॅक्स या कंपनीच्या सध्याच्या हेडफोनांत तो 580 व्होल्ट आहे. पत्र्यांवरचं व्होल्टेज संगीतानुसार बदलतं, तसा पडदा हलतो. प्रवाह मात्र नगण्य लागतो. चौथ्या मजल्यावरच्या नळाला पाणी यायला दाब हवा, नुसती खालची टाकी मोठी असून भागत नाही, तसंच हे.

पत्र्यांवरचा हा दाब स्वस्तात मिळवायचा तर स्टॅक्सच्या एसआरडी-7सारखं जुनं ट्रान्सफॉर्मरचं खोकं घ्यावं आणि साध्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर-टोकांना जोडावं. स्टॅक्स एसआर-एल300 हा हेडफोन 100 व्होल्टला 101 डेसिबल आवाज देतो, म्हणजे चांगलाच मोठा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज 25 पट वाढवतो असं धरलं, तर अ‍ॅम्प्लिफायरने 4 व्होल्ट द्यायचे. 8 ओहमच्या हिशेबाने हे जेमतेम 2 वॅट! संगीतातल्या क्षणिक उसळ्यांसाठी जास्तीची ताकद ठेवूनही 30-40 वॅटचा, खरखर नसलेला, वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर माझ्या मते पुरेसा आहे. ब्रिज्ड आउटपुटचा (ज्याचं एकही टोक अर्थला नसतं असा) मात्र टाळावा.

खोकं घेताना ते देत असलेला बायस तपासा: जुन्या सहा पिनांच्या हेडफोनांना 230 व्होल्ट लागतात, पाच पिनांच्यांना 580. आणि आत एवढं व्होल्टेज असल्याने ते खोकं घरी उघडू नका.