मत विचारायचे राहून गेले

2000 सालच्या जूनमध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याला 25 वर्षे होऊन गेली. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावात या काळाचा हिशेब मांडायचा तर एक प्रश्न पुरेसा आहे. दहावीच्या मुलीला कापसाच्या भावाबद्दल किंवा वाचलेल्या धड्याबद्दल स्वतःचे मत चार इंग्रजी वाक्यांत सांगता येते का?

आधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना शाळेत उर्दूचा वरचष्मा होता, 1948 नंतर मराठी शाळा वाढल्या, आणि इंग्रजी पाचवीपर्यंत वाट पाहत राहिले. ते शिकवण्याची पद्धत मात्र बाहेरून आली. जपानात इंग्रजी शिकवण्याचे काम केलेल्या ए. एस. हॉर्न्बी यांनी 1954 च्या पुस्तकात इंग्रजी क्रियापदांच्या रचना 25 साच्यांत बसवल्या. त्याच वळणाचे तक्ते भारतातल्या फळ्यांवरही आले.

खरे नुकसान झाले ते नव्वदच्या दशकात. 'डू ॲज डायरेक्टेड' या प्रश्नाने तेव्हा सगळा तास गिळला. 'टू' काढा, प्रयोग बदला, 'नॉट ओन्ली' वापरा. 'पीपल कन्सिडर हिम ऑनेस्ट' याचे 'ही इज कन्सिडर्ड ऑनेस्ट' मुले झटक्यात करत. पण तू स्वतः कोणाला प्रामाणिक समजतोस, हे त्यांना कोणी विचारले नाही. वास्तविक ही रचना मराठी मुलाला जवळची आहे. 'आम्ही त्याला प्रामाणिक समजतो' यातही आधी माणूस येतो, मग त्याच्याविषयीचा निवाडा, आणि मध्ये 'की' लागत नाही. अडते ते 'आय फाइंड इट डिफिकल्ट टू...' इथे. मराठीत त्या 'इट'ची गरज नसल्याने मुले ते हमखास गाळतात. असा अडसर नियम पाठ करून जात नाही, बोलून बोलून जातो. फळ्यावर तक्ता मांडून सगळ्या वर्गाकडून मोठ्याने वाक्ये म्हणवून घेणारे जुने शिक्षक नेमके तेच करत. गुणांच्या घाईत ती मौखिक तालीम गेली, आणि तिच्या जागी काहीही आले नाही.

दुसरी वाट माहीत नव्हती, असेही नाही. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत मुलांपुढे कोडी आणि कामे ठेवून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. मुलाने कारण शोधावे, विचार करावा, भाषा त्यातून येईल, असा त्यांचा आग्रह होता. मराठवाड्यातल्या वर्गांपर्यंत तो विचार पोहोचलाच नाही.

अलीकडे दहावीला प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. तिच्यात 'पर्सनल रिस्पॉन्स' आहे, 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' आहे. मंडळाने अखेर मत विचारले, हे स्वागतार्हच. पण गाइडमध्ये त्या मताचेही तयार उत्तर छापून येते. 'इन माय ओपिनियन'ने सुरू होणारा तोच परिच्छेद साऱ्या वर्गाच्या वह्यांत उतरतो. मुलीचे मत गाइडवाल्याने ठरवावे, हे साच्यांच्या घोकंपट्टीहून वाईट आहे.

टेंभुर्णीतल्या आणि आसपासच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी या वर्षी एवढे करावे: प्रश्न आधी मराठीत विचारावा, वर्गात वाद होऊ द्यावा, मग 'आय थिंक', 'आय कन्सिडर' आणि 'आय फाइंड इट' हे तीनच साचे फळ्यावर लिहावेत. आणि मंडळाने मुलांच्या स्वतःच्या मोडक्या वाक्याला पाठ केलेल्या परिच्छेदापेक्षा जास्त गुण द्यावेत.