फोटो प्राचीन ग्रीसचे वाटतात, पण आहेत १९२७चे! डेल्फीच्या नाट्योत्सवाचं मुंबईशी नातं काय?

गोंदिया : भाऊबीजेनंतर जिल्ह्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. दिवसा बाजार, रात्री दंडार किंवा नाटक. शंकरपट असेल तर शर्यत आणि नाटक एकाच गावात. ग्रीसमधल्या डेल्फीत मे १९२७मध्ये भरलेला उत्सवही काहीसा असाच होता. प्राचीन नाट्यगृहात नाटक, जुन्या क्रीडांगणात स्पर्धा आणि सोबत हस्तकलेचं प्रदर्शन.

उत्सव कोणी भरवला?
कवी अँजेलोस सिकेलियानोस आणि त्यांच्या अमेरिकी पत्नी ईव्हा पामर यांनी. नाटक होतं एस्किलसचं 'प्रोमीथियस बाउंड'. ईव्हा यांनी त्यात स्वतःचा पैसा ओतला, कोरसचं नृत्य बसवलं आणि पोशाखासाठी हातमागावर कापड विणलं. १९३०मध्ये दुसरा उत्सव झाला. त्यानंतर कर्ज उरलं.

मुंबईचा संबंध काय?
दादाभाई नौरोजी यांची नात खुर्शीद नौरोजी. पॅरिसमध्ये संगीत शिकलेल्या खुर्शीद १९२४मध्ये ग्रीसला गेल्या. तिथे ईव्हांशी मैत्री झाली आणि त्यांनी ग्रीक चर्चच्या बायझंटाईन संगीताचा अभ्यास केला. पुढे भारतात परतून त्या गांधीजींच्या चळवळीत उतरल्या, तुरुंगातही गेल्या.

फोटो कोणी काढले?
'नेलीज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छायाचित्रकार एली सेराइदारी यांनीही हे उत्सव टिपले. नाटक उघड्यावर, दिवसाउजेडी झाल्यामुळे कॅमेऱ्याला भरपूर प्रकाश मिळाला. रात्रीच्या मंचावर त्या काळी हे सोपं नव्हतं.

मग गफलत कुठे होते?
ईव्हांनी नृत्यातल्या मुद्रा प्राचीन मडक्यांवरच्या चित्रांवरून घेतल्या. चेहरा आणि पाय एका बाजूला, छाती समोर. फोटोत ही मुद्रा गोठते आणि थेट मडक्यावरचं चित्र वाटते. मागचे दगड खरोखरच प्राचीन असल्याने भास पक्का होतो. प्रत्यक्षात नृत्य नव्याने बसवलेलं होतं आणि संगीत कॉन्स्टँटिनोस प्साखोस यांनी नव्याने रचलेलं. एका मुद्रेतून दुसरीत कसं जायचे, सूर कुठे लागायचा, हे फोटो सांगत नाही.

आपल्यासाठी धडा काय?
आज दंडारीचे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. पण गाव, तारीख, नाटकाचं आणि कलाकारांचं नाव नसेल, तर पन्नास वर्षांनी तो फोटो कोणत्याही काळाचा म्हणून खपेल. फोटोसोबत चार ओळी लिहा, आवाजासह व्हिडिओही जपा.